खडकाळ भूमीवरील मोटारगाडी : अखंड आस आणि पाट्यांची कमान

झाशीचा किल्ला ज्या बंगिरा टेकडीवर उभा आहे, ती टेकडी ग्रॅनाइटच्या खडकाची आहे. हाच खडक बुंदेलखंडाच्या मोठ्या भागाखाली पसरलेला असून ठिकठिकाणी तो जमिनीतून वर आलेला दिसतो. त्याला छेदून जाणाऱ्या गारेच्या लांबच लांब कडा एखाद्या पडक्या तटासारख्या मैलोगणती धावतात. झाशीजवळ ओरछा येथे बेतवा नदीचे पात्र मोठमोठ्या गोलसर शिळांनी भरलेले आहे. उंचवट्यावर राकड नावाची खडेमिश्रित तांबूस माती, तर सखल भागात मार आणि काबर नावाच्या काळ्या चिकण माती. राकड जमिनीत चाकाखाली दगड येतो. मार जमिनीत पाऊस पडताच चाक रुतते. झाशीच्या दक्षिणेस बबीना येथे रणगाड्यांचे सरावक्षेत्र आहे. साखळपट्ट्यांवर चालणाऱ्या रणगाड्याला अशी भूमी अडवू शकत नाही. परंतु चार चाकांच्या गाडीला ती पदोपदी अडवते.

अशा भूमीवर चालावी म्हणून जुन्या जीपसारख्या गाडीत फेरफार करण्याची हौस भारतात अनेक ठिकाणी दिसून येते. गाडी उंच केली, मोठे टायर बसवले की काम झाले, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः गाडीचा सांगाडा चाकांवर तोलून धरणारी जी रचना, जिला सस्पेन्शन म्हणतात, तिचा प्रत्येक भाग दुसऱ्या भागाशी बांधलेला असतो. एक माप बदलले की दहा मापे बदलतात. ती कोणती, आणि का बदलतात, हे समजून घेणे हाच या लेखाचा विषय आहे.

अखंड आस म्हणजे काय?

बैलगाडीची दोन्ही चाके एकाच कण्याच्या दोन टोकांवर फिरतात. कणा स्वतः फिरत नाही. रेल्वेच्या डब्यात याच्या उलट व्यवस्था असते. झाशी येथे १८९५ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने उभारलेल्या कारखान्यात मालडब्यांची दुरुस्ती चालते. तेथे चाकांची सुटी काढलेली जोडी पाहिली, तर दोन्ही चाके पोलादी आसावर घट्ट दाबून बसवलेली आढळतात. आस आणि चाके एकत्रच फिरतात.

जीपचा अखंड आस या दोहोंच्या मधला आहे. बाहेरून ती एक ताठ पोकळ नळी असते. ती फिरत नाही. नळीच्या आत दोन अर्धे दांडे असतात आणि ते दोन चाकांना फिरवतात. दोहोंच्या मध्ये, फुगीर पेटीत, डिफरन्शियल नावाची दातचक्रांची योजना असते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना निरनिराळ्या गतीने फिरू देणे हे तिचे काम. बाहेरील नळी ताठ व अखंड असल्यामुळे दोन्ही चाके एकमेकांना कायमची बांधलेली राहतात. हेच या रचनेचे बळ आणि हाच तिचा दोष होय.

आजच्या बहुतेक मोटारींत निदान पुढील चाकांना तरी स्वतंत्र सस्पेन्शन असते. तेथे प्रत्येक चाक आपल्यापुरते खालीवर होते आणि डिफरन्शियल सांगाड्याला पक्के बांधलेले असते.

खडकावर काय घडते?

शेतीच्या ट्रॅक्टरचा पुढचा आस मध्यभागी एकाच खिळीवर झुलतो. एक चाक ढेकळावर चढले की दुसरे तितकेच खाली दबते, आणि तागडीच्या दांडीप्रमाणे दोन्ही चाकांवर जवळजवळ सारखाच भार राहतो. जीपचा आस एका खिळीऐवजी दोन कमानींवर टेकलेला असतो. तथापि या कमानी चाकांपासून बऱ्याच आत असल्याने आसाला तागडीसारखे कलता येते. समजा, दोन चाकांमधील अंतर १३० सेंटिमीटर आणि दोन कमानींमधील अंतर ८० सेंटिमीटर आहे. आस कलला असता कमान ८ सेंटिमीटर दबते तेव्हा चाक १३ सेंटिमीटर वर चढलेले असते. दुसरीकडील चाक तेवढेच खाली जाते. थोडक्या दबावात चाकाला पुष्कळ चाल मिळते आणि खालचे चाक भूमी सोडत नाही.

याचे महत्त्व डिफरन्शियलमुळे आहे. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते. एक चाक अधांतरी राहिले तर ते विनासायास गरगर फिरते; त्याला जेवढा क्षुल्लक पीळ लागतो तेवढाच दुसऱ्याला मिळतो. परिणामी इंजिन गर्जत असते आणि गाडी जागची हालत नाही. चाक भूमीवर टेकलेले राहणे ही म्हणूनच आडरानातील गाडीची पहिली गरज. डिफरन्शियल तात्पुरते जखडून टाकणारे लॉक हा दुसरा उपाय आहे. पुण्याच्या फोर्स मोटर्सने २०१३ साली बाजारात आणलेल्या गुरखा गाडीत असे लॉक पुढील व मागील दोन्ही आसांवर देण्यात आले होते.

दुसरा लाभ तळाच्या उंचीचा. अखंड आसाचे एक चाक दगडावर चढले की मधली पेटीही चढते, आणि चाक जितके उचलले त्याच्या निम्म्याने तरी वर येते. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये स्प्रिंग दबली की सांगाड्याला बांधलेली पेटी भूमीच्या जवळ येते. म्हणजे खडक वर येतो आणि पेटी खाली.

असे असले तरी अखंड आस सर्वगुणसंपन्न नाही. नळी, पेटी, दांडे हे सारे वजन कमानींच्या खाली असते. ते प्रत्येक खड्ड्यात आपटते व उसळते. वेगाने जाताना एका चाकाचा धक्का दुसऱ्याला पोचतो आणि गाडी सरळ रेषेत राहत नाही. झेकोस्लोव्हाकियातील टाट्रा कंपनीने मध्यभागी एकच मजबूत नळी व तिला जोडलेले झुलते अर्धे आस अशी निराळी रचना विकसित केली. तिचे अवजड ट्रक भारतीय सैन्यानेही वापरले. आडरानात वेगाने जायचे असेल तर स्वतंत्र रचना श्रेष्ठ ठरते. सावकाश, दगडामागून दगड ओलांडायचा असेल तर अखंड आस सरस, शिवाय साधा, भक्कम आणि दुरुस्तीस सोपा.

जीपपासून जिप्सीपर्यंत

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैन्याला हलकी टेहळणी गाडी हवी होती. अमेरिकन बँटम कंपनीने तिचा पहिला नमुना सप्टेंबर १९४० मध्ये सादर केला. पुढे १९४१ पासून विलीज-ओव्हरलँड कंपनीने ती प्रचंड संख्येने बनवली. तिला पुढे व मागे अखंड आस आणि पाट्यांच्या कमानी होत्या. युद्धानंतर मुंबईत महिंद्र कंपनीने जीपची जुळणी सुरू केली आणि कालांतराने तीच ‘जीप’ भारताच्या खेड्यापाड्यांत सरकारी दौऱ्यांची खूण बनली. जबलपूरच्या कारखान्यात सैन्यासाठी बनलेली जोंगा आणि १९८५ साली आलेली मारुती जिप्सी या गाड्याही त्याच कुळातल्या. जिप्सीची सर्वसाधारण विक्री २०१९ साली थांबली. २०२० साली आलेल्या महिंद्र थारचा मागचा आस अखंड, परंतु पुढची चाके स्वतंत्र आहेत. २०२३ साली भारतात विक्रीस आलेल्या जिम्नीत मात्र दोन्ही आस अखंड असून पाट्यांची जागा वेटोळ्या स्प्रिंगांनी घेतली आहे.

कमानीचे गणित

पोलादाचे अनेक पाटे एकावर एक रचून, मध्ये बोल्टने आवळून ही कमान बनते. तिचे एक टोक सांगाड्याला खिळीने जोडतात. दुसरे टोक शॅकल नावाच्या झुलत्या दुव्यावर असते, कारण कमान दबून सपाट झाली की तिची लांबी वाढते आणि त्या वाढीला वाट हवी असते.

कमानीचा ताठपणा पाट्यांच्या संख्येच्या व रुंदीच्या प्रमाणात वाढतो. जाडीच्या बाबतीत तो घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट. लांबीच्या बाबतीत तो घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. शाळेत हा नियम सहज पडताळता येतो. पोलादी पट्टी टेबलाच्या कडेला घट्ट दाबून धरावी, तिचा १० सेंटिमीटर भाग बाहेर ठेवावा आणि टोकाला लहानसे वजन टांगून ती किती वाकते ते मोजावे. नंतर २० सेंटिमीटर भाग बाहेर काढून तेच वजन टांगावे. वाक सुमारे आठपट झालेला दिसेल.

यावरून एक व्यावहारिक धडा मिळतो. गाडी उंच करण्यासाठी पुष्कळजण कमानीत जाड पाटे वाढवतात. गाडी उंच होते हे खरे. पण कमान इतकी ताठ होते की आस कलतच नाही, आणि ज्या हेतूने खटाटोप केला तोच हेतू फसतो. मऊ कमान हवी तर पाटे लांब व पातळ हवेत. लांबी केवळ चतुर्थांशाने वाढवली तरी ताठपणा जवळजवळ निम्म्यावर येतो.

मऊपणालाही मर्यादा आहे. गाडीच्या भाराने कमान स्थिर स्थितीत ५ सेंटिमीटर दबत असेल तर धक्का बसल्यावर गाडी मिनिटाला सुमारे १३४ हेलकावे घेते. १० सेंटिमीटर दबत असेल तर ९५, आणि २० सेंटिमीटर दबत असेल तर ६७. पहिल्या प्रकारात हाडे खिळखिळी होतात. शेवटच्या प्रकारात गाडी होडीसारखी डोलते. हे हेलकावे शमवण्यासाठी शॉक ॲब्सॉर्बर असतो. कमान बदलली आणि तो तसाच ठेवला, तर तो एक तर अपुरा पडतो किंवा त्याची चाल संपून तो तुटतो.

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. कमानीच्या पोलादाला कारखान्यात पाणी दिलेले असते. वाक वाढवण्यासाठी पाटा भट्टीत किंवा गॅसच्या ज्योतीने तापवला की ते पाणी उतरते. असा पाटा काही दिवसांत बसतो वा मोडतो.

उंची वाढवल्याने काय बदलते?

विलीज जीप आणि जिप्सी या दोहोंत कमानी आसाच्या खालून बांधलेल्या असतात. त्या तेथून काढून आसाच्या वर बांधल्या, तर नळीची व कमानीची जाडी मिळून गाडी साधारणतः १२ ते १५ सेंटिमीटर उंच होते. पाटे मूळचेच राहत असल्याने मऊपणा कायम राहतो, हा या पद्धतीचा मोठा गुण होय. परंतु तिचे परिणाम ओळीने पाहिले पाहिजेत.

पहिला परिणाम प्रोपेलर शाफ्टवर होतो. गिअरपेटीपासून आसापर्यंत शक्ती नेणारा हा दांडा आखूड गाडीत फारच आखूड असतो. त्याची लांबी ५० सेंटिमीटर धरली आणि गाडी १२ सेंटिमीटर उंच केली, तर त्याचा उतार सुमारे १४ अंशांनी वाढतो. दांड्याच्या दोन्ही टोकांना जो सांधा असतो आणि ज्याला गॅरेजमध्ये ‘क्रॉस’ म्हणतात, तो वाकलेल्या स्थितीत एकसमान गती पोचवत नाही. १० अंशांच्या कोनात गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे दीड टक्क्याने कमीजास्त होते. २५ अंशांत हा फरक दहा टक्क्यांच्या आसपास जातो. दोन्ही टोकांचे कोन समान असतील तर एका सांध्याचा दोष दुसरा भरून काढतो. म्हणून कमानीची नवी बैठक आसाच्या नळीवर जोडण्यापूर्वी पेटी योग्य कोनात फिरवून घ्यावी लागते. बैठकीला आधी केवळ टाके मारावेत, गाडी चाकांवर उभी करून कोन मोजावा आणि मगच वेल्डिंग पुरे करावे. तेही थोडे थोडे, थांबून. एकदम केल्यास नळी उष्णतेने वाकते.

दुसरा परिणाम स्टिअरिंगवर. पुढील चाके ज्या खिळीभोवती वळतात ती खीळ किंचित मागे कललेली असते. या कलामुळे सायकलीच्या पुढच्या चाकाप्रमाणे ही चाकेही आपोआप सरळ होऊ पाहतात. पुढच्या टोकाला लांब शॅकल लावून गाडी उंच केली तर हा कल कमी होतो आणि गाडी रस्त्यावर भरकटू लागते. शिवाय स्टिअरिंगचा दांडा तिरका झाल्याने खड्ड्यात कमान दबताच चाके चालकाच्या इच्छेविरुद्ध वळतात.

तिसरा परिणाम कमानीवरच. आस चाकांना फिरवतो तेव्हा त्याची पेटी उलट दिशेने फिरू पाहते. आस कमानीखाली टांगला की ही प्रवृत्ती बळावते आणि पाटे नागमोडी वळतात. ते रोखण्यासाठी आसापासून सांगाड्यापर्यंत एक आधारदांडा द्यावा लागतो. चौथा परिणाम लहान दिसतो, पण सर्वांत घातक आहे: ब्रेकचे रबरी नळ. आस पूर्ण खाली गेला असता आखूड नळ ताणला जाऊन फुटतो आणि ब्रेक निकामी होतो.

एवढे सारे करूनही पेटीखालची जागा एका मिलिमीटरनेही वाढत नाही, कारण आसाची भूमीपासूनची उंची चाकाच्या त्रिज्येवरच ठरते. कमानींनी उचलला जातो तो सांगाडा. आस जेथल्या तेथेच राहतो. सांगाडा उचलण्याचा खरा उपयोग मोठ्या चाकांना जागा करून देणे आणि आसाला मोकळी चाल देणे एवढाच आहे.

मोठी चाके आणि दातचक्रे

चाकाचा व्यास ७० वरून ८० सेंटिमीटर केला तर आस ५ सेंटिमीटर उचलला जातो. याची किंमत अशी की चाकाच्या कडेवरील ओढ साडेबारा टक्क्यांनी घटते. ती भरून काढायची तर आसातील ४.१ पटीची दातचक्रे बदलून सुमारे ४.७ पटीची बसवावी लागतात. न बदलल्यास गतिमापकही खोटे बोलतो. तो ताशी ५० किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी ५७ ने धावत असते. चाके जड झाल्याने ब्रेकवरचा भारही वाढतो.

खडक चढताना वेगापेक्षा ओढीला महत्त्व असते. महिंद्रने बनवलेल्या सीजे-३बी जीपच्या पहिल्या गिअरची पट २.८०, दुय्यम गिअरपेटीची २.४६ आणि आसाची ५.३८ होती. तिहींचा गुणाकार केल्यास सुमारे ३७ येतो. याचा अर्थ इंजिनाचा पीळ चाकापर्यंत ३७ पट होऊन पोचत असे आणि गाडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू, पण न थांबता चढत असे. अशा प्रसंगी टायरमधील हवा थोडी कमी केली तर टायर दगडाला बिलगतो. रस्त्यावर परतताना ती पुन्हा भरलीच पाहिजे.

गुरुत्वमध्याचा प्रश्न

आगपेटी आडवी ठेवून ढकलली तर ती घसरते. उभी ठेवून ढकलली तर कोलमडते. गाडीचेही तसेच आहे. दोन चाकांमधील अंतर १३० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ७० सेंटिमीटर असेल, तर आडव्या उतारावर सुमारे ४३ अंशांपर्यंत ती उलटत नाही. गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर वर गेला की ही मर्यादा ३९ अंशांवर येते. हे आकडे ताठ ठोकळ्याचे आहेत. खऱ्या गाडीत कमानी व टायर एका बाजूस दबून गुरुत्वमध्य आणखी सरकतो, त्यामुळे खरी मर्यादा बरीच कमी असते. सांगाड्यावर चढवलेले जादा चाक, लोखंडी टप व सामान ती आणखी घटवतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर वेगाने वळताना सामान्य मोटार बहुधा उलटण्याआधी घसरते. उंच केलेली गाडी, विशेषतः तिचे चाक कडेच्या दगडाला किंवा चरीला अडखळल्यास, घसरण्याऐवजी उलटते.

म्हणूनच जाणते कारागीर उंची शक्य तितकी कमी ठेवून चाकांमधील रुंदी वाढवतात, जड वस्तू खाली बसवतात आणि चालकाभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा उभारतात.

रस्ता कोणाचा?

कारखान्यातून निघणाऱ्या गाडीचा प्रत्येक नमुना रस्त्यावर येण्यापूर्वी तपासला जातो. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, धूर इत्यादींच्या अशा चाचण्या घेते. गॅरेजमध्ये फेरफार केलेली गाडी यांपैकी कोणत्याही चाचणीतून गेलेली नसते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये गाडीच्या निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजीच्या निकालात हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने विनापरवाना फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली. हा निर्बंध केवळ चालकासाठी नाही. उंच केलेल्या गाडीचा बंपर लहान मोटारीच्या खिडकीच्या पातळीला येतो. टक्कर झाल्यास प्राण जातो तो दुसऱ्याचा.

अशा गाड्यांची योग्य जागा म्हणजे बंदिस्त क्षेत्र आणि स्पर्धा. मलेशियात १९९७ साली सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या स्पर्धेची भारतीय आवृत्ती २०१४ साली गोव्यात सुरू झाली. ऐन पावसाळ्यात चिखल, ओढे व दरडी ओलांडताना खास बांधलेल्या गाड्यांची तेथे कसोटी लागते. अशी गाडी स्पर्धेच्या ठिकाणी ट्रकवर लादून नेणे हीच रास्त पद्धत होय.

कामाचा क्रम

या साऱ्या विवेचनाचे सार कामाच्या क्रमात मांडता येते. प्रथम कोणत्या भूमीवर चालायचे ते ठरवावे. बेतवेच्या शिळा आणि मार जमिनीचा चिखल यांच्या गरजा सारख्या नाहीत. मग चाकाचा व्यास, त्याला लागणारी किमान उंची, त्या उंचीला साजेशी मऊ कमान, त्यानंतर प्रोपेलर शाफ्ट, स्टिअरिंग व दातचक्रे आणि अखेरीस ब्रेक, अशा क्रमाने प्रत्येक माप कागदावर मांडावे. गाडी तयार झाल्यावर ती लगेच खडकावर नेऊ नये. सपाट जागेवर एक चाक उतरत्या फळीवर हळूहळू चढवून थांबावे आणि खाली वाकून पाहावे : ब्रेकचा नळ ताणला आहे काय, टायर कोठे घासतो काय, क्रॉस अडकतो काय, शॉक ॲब्सॉर्बरची चाल शिल्लक आहे काय. हीच पाहणी चारही चाकांसाठी करावी. जी गाडी या फळीवर निर्दोष ठरते, तीच खडकावर नेण्यायोग्य समजावी.